बिजली कंपनीचे भागीदार

कचेरीतला दिवा लुकलुकला की बडे बाबू हातातला टाक खाली ठेवायचे आणि जरा तोऱ्यातच सांगायचे, "हे आपली कंपनी नोहे. आपल्या कंपनीत असं होत नाही."

आपली कंपनी म्हणजे कलकत्त्याकडची एक बिजली कंपनी. बडे बाबू आमच्या बालाघाटच्या जंगल कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांनी त्या कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. सन साठनंतरची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा माणूस पैसा लावायचा तो धानात, बैलजोडीत, नाहीतर बायकोच्या गळ्यात. कागद विकत घेणारा इसम मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी नवा लागलेलो आणि तोंडाचा फटकळ. एकदा विचारलंच, "बाबूजी, या कागदाले दूध येते का?"

"येते ना," ते शांतपणे म्हणाले. "बिजलीचा शेअर म्हणजे म्हैस आहे, भाऊ. हळू चालते, पण दूध देते. रेडिओचा शेअर म्हणजे बकरी. आज पिल्लं देल्ली, उद्या बिबट्यानं नेली."

बकरीही त्यांनी पाळली होती, म्हणजे रेडिओ कंपनीचे शेअरही घेतले होते. हिशोब साधा होता. रेडिओ घेणाऱ्याला बिजली लागणारच, म्हणजे दोन्हीकडून आपलंच भलं. नागपूरचा पेपर गोंदियावरून छोट्या गाडीने रखडत यायचा, त्यात भाव पाहून ते खूश व्हायचे. "म्हणजे परवा आपलं बरं चाललं होतं," म्हणायचे.

मग एक दिवस बैहरचा रेंजर खांद्याला ट्रान्झिस्टर अडकवून कचेरीत आला. बडे बाबूंनी तो हातात घेतला, उलटा केला, खालून पाहिला, वरून पाहिला.

"याची तार कुठं आहे?"

"तार नाही बाबूजी. सेलवर चालते. जंगलात बी वाजते."

बडे बाबूंनी तो रेंजरला परत केला. चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "बकरीनं म्हशीले लाथ मारली, भाऊ."

पण माझी खरी मती गुंग झाली ती तांदळाच्या पार्सलवरून. कंपनीच्या सभेचं छापील आमंत्रण दरवर्षी यायचं. आता आमंत्रण आलं आणि जाणं होत नाही, तर निदान आहेर तरी पाठवायला नको? बडे बाबू दरवर्षी चेअरमनसाहेबांच्या नावाने आमच्याकडचा वासाचा चिन्नोर तांदूळ पाठवायचे. फडक्यात शिवून, वर लाख लावून. हे कळलं तेव्हा मी विचारलं,

"कलकत्त्याचा चेअरमन तुमचा भात खाते?"

"काहून नाही खाईन? चिन्नोर आहे. अन् मी भागीदार आहो, परका नोहे."

मंडळी, हसू नका. मी हसलो होतो, म्हणून सांगतो. आमच्या भागात ज्याच्यासोबत भागाने शेती करायची, त्याच्या घरच्या लग्नाला जायचं, नवं धान निघालं की आधी त्याच्याकडे पोचतं करायचं, आणि अडचण आली तर हक्काने त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं. बडे बाबू हेच सगळं कलकत्त्याशी पाळत होते.

एका वर्षी कंपनीच्या अहवालात आलं की कंपनी आता नव्या भागात बिजली नेणार. बडे बाबूंचं गाव खैरलांजीच्या पलीकडे, तिथे कंदिलाशिवाय काही नव्हतं. त्यांनी गावात जाऊन सांगून टाकलं, "कंपनी नवीन गावं पाह्यते. मी स्वतः जाऊन बोलतो." गावाने ते लगेच मानलं. त्यांचा शब्द आजवर खाली पडला नव्हता. मग त्यांनी सभेसाठी रजा टाकली, लग्नातला कोट चढवला, आणि तांदळाची थैली घेऊन गोंदियाला हावड्याची गाडी पकडली.

परत आले ते वेगळेच. चेहरा मातीसारखा. कचेरीतला दिवा लुकलुकला, यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मला भीतीच वाटली. शनिवारी जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, उद्या माह्यासंग गावाले चाल. मले एकट्यानं सांगनं होत नाही."

रविवारी ते तोच लग्नातला कोट घालून आले आणि बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. भर सभेत उभं राहून त्यांनी गावासाठी बिजली मागितली. चेअरमन सभ्य माणूस. त्याने समजावलं की कंपनीचा परवाना त्यांच्या शहरापुरताच, नवा भाग म्हणजे शहराचीच नवी वस्ती. आजूबाजूचे हसले.

"हसले तं हसले," बडे बाबू म्हणाले. "गावाले काय सांगू?"

बसमधून उतरून आम्ही बांधावरून चालत गेलो. गावाच्या तोंडाशी पोचलो आणि दोघेही जागच्या जागी थांबलो. गल्लीत दोन्ही बाजूंनी लाकडी खांब उभे होते. ताजे, सोललेले, सरळ रांगेत. तार येणार म्हणून गावाने आपापल्या बांधावरची राखलेली झाडं तोडली होती, खड्डे खणले होते, खांब पुरून बुडाला दगड ठोकून ठेवले होते.  अशा भोळेपणापुढे माणसाने करायचं काय, मला आजही समजत नाही. बडे बाबूंनी माझा दंड धरला होता.

लोक जमले. कोणीतरी बाज टाकली, पण ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. परवाना, शहर, आपली चूक. काही लपवलं नाही. एक तरुण गडी खांबांकडे पाहत म्हणाला, "मंग आमची झाडं?"  

त्यांची म्हातारी काकी पुढे बसली होती. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. ती उठली, त्यांच्याजवळ आली आणि खालच्या आवाजात विचारलं, "येवढ्या दूर गेलता बाबू. त्याईनं तुले बसाले तरी देल्लं काय?"

"देल्लं, काकी. खुर्ची देल्ली."

"अन् जेवाले?"

बडे बाबूंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गावात पुढे सरकारने बिजली आणली, पण ती पाहायला ते नव्हते. मला ते दिसतात ते त्याच घडीचे. लग्नातला कोट घातलेला तो पोक्त माणूस सगळ्या गावादेखत नुसती मान हलवून नाही म्हणाला, आणि काकीच्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागला.