आधी रडणं, मग बोलणं

आमची सासू रूपाबाई म्हणजे मुलखाची अबोल. म्हशीला हाकलायचं तरी जिभेनं नुसतं टक् करती. म्हणून तिच्यासाठी प्रीपेड घ्यायचं ठरलं, अन् तिथंच आमी सगळे फसलो.

झालं असं, माझ्या नणंदेचं, संगिताचं, लगीन जमलं. तारीख निघाली पुढच्या शुक्रवारची. सासूची एकुलती एक बहीण लखमा तिकडं पनवेलच्या अंगाला खडीच्या कामावर. मावशी आल्याबिगर संगिताला हळद लावायची न्हाई, हा सासूचा हट्ट. माझा नवरा प्रेमदास म्हणला, "मी सांगतो ना देविदासला." देविदास म्हणजे लखमामावशीचा पोरगा, फोन त्याच्यापाशी. सासूनं डोळे वटारले.

"बहिणीचं आवतन बहिणीनंच द्यावं. पोरांच्या निरोपावर लखमा येईल व्हय? जन्मभर रुसून बसंल."

एवढं सासू बोलली म्हणजे बघा, जीव किती टांगणीला लागला होता.

मग आमी गेलो आमच्या हिंगोलीकडल्या गोरेगावला, चाँद पाशाच्या दुकानात. तो पहिले घड्याळं दुरुस्त करायचा, आता फोन विकून राहिला होता. म्हणला, "देखो रूपाबाई, एकात बिल मागून येतं, पण त्याला हिंगोलीला जाऊन कागदपत्रं द्या, लई तकलीफ. दुसरं हे प्रीपेड. पैसे आधी भरायचे, तेवढंच बोलायचं, सरलं की बंद. जास्त बोलणाराला ते बसत न्हाई. तुमी किती बोलता?"

सासूनं मान हलवली. नुसती.

"हिला बराबर बसंल," प्रेमदास म्हणला. मी बी म्हणलं. मी धाव्वी पास, मला लई कळतं ना!

चाँद पाशा भला माणूस. म्हणला, "लग्नापर्यंत वापरून पाहा. न्हाई बसलं तर फोन मी परत घेतो."

आमच्या तांड्यावर रेंज यायची फक्त सेवाभायाच्या, म्हणजे आमच्या देवाच्या, ओट्यावर. आमी सगळे तिथं चढलो. देविदासनं फोन उचलला, मावशीला दिला. तिकडून मावशीचं "हालो" आलं, अन् सासूनं पदर तोंडावर ओढून गळा काढला.

आता हे तुमाला सांगायलाच पाहिजे. आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाया लई दिवसांनी भेटल्या की आधी रडतात. गळ्यात पडून, सुरात, गाणं म्हणल्यासारखं. मेलेल्या याडीपासून, म्हणजे आईपासून, सुरू करायचं, मग बापू, मग विकलेला बैल, मग आटलेली विहीर. सगळ्यांचं झालं की डोळे पुसायचे अन् इचारायचं, "कशी हायेस? लेकरं बरी?" आधी न रडता बोलणं म्हणजे बहिणीला परकं करणं. हे आमाला सगळ्यांना ठाऊक, पण दुकानात एकाच्या बी डोक्यात आलं न्हाई!

सासू अजून याडीपाशीच होती, तवर फोन बंद. बॅलन्स खलास. बैल तर लांबच राहिला.

"आधी तारीख सांगा, मग काय रडायचं ते रडा!" मी खवळले. "माणसानं थेट बोलावं. मी कशी, थेट बोलते."

दुसरं रिचार्जचं कार्ड आणलं, खरवडलं, नंबर टाकला. ह्या खेपेला सासूनं सेवाभायाची शपथ घेतली, रडणार न्हाई. पण तिकडून मावशीनंच आधी गळा काढला! मग सासूला दम निघंल व्हय? तेवढ्यात शेजारची धुरपताबाई घागर घेऊन चालली होती. तिनं ऐकलं, घागर खाली ठेवली, अन् ती बी बसली रडायला. तिच्यामागं आणखी बाया. कोण मेलं म्हणून गडीमाणसं धावत आली. फोन कवाचा बंद पडलेला, बाया आपल्या रडूनच राहिल्या! प्रेमदास डोकं धरून बसला, अन् मला हसू आवरंना, पोटात कळ आली.

चाँद पाशानं ऐकलं तर खुर्चीवरून पडायचाच राहिला. "या अल्ला! मग तुमाला न्हाई बसत हे प्रीपेड. आणा परत."

"आणखी एक कार्ड," सासू म्हणली.

बुधवारी सकाळपासून सासू भाकरी थापता थापता काहीबाही पुटपुटत होती. संध्याकाळी ओट्यावर चढली, फोन लागला, अन् पुन्हा तेच, पदर तोंडावर अन् गळा मोकळा. मी कपाळावर हात मारला. मग कान दिला तर काय!

"लखमा गं बाई, शुक्रवारी आपल्या संगिताचं लगीन गं… याडी असती तर शुक्रवारी तिनं हळद लावली असती… याडी न्हाई गं बाई, याडीच्या जागी तू ये गं…"

अख्खं आवतन बाईनं रडण्यात बसवलं होतं! माझा कपाळावरचा हात खाली आला. डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला बोलू? अन् फोन बंद झाला. मावशीनं ऐकलं का न्हाई, कुणाला ठावं?

शुक्रवारी हळद कालवून ठेवलेली, संगिता पाटावर, पण सासू कुणाला हात लावू देईना. पाहुणे कुरकुर करू लागले. सासूचे डोळे रस्त्याकडं. तेवढ्यात सेनगावची जीप थांबली, अन् कोंबलेल्या माणसांतून वाट काढत बोचकं घेतलेली लखमामावशी उतरली.

सासू धावली, दोघी गळ्यात पडल्या, अन् सुरू! याडी झाली, बापू झाला, बैल झाला. लग्नाला आलेला चाँद पाशा वरडला, "रूपाबाई, हळद वाळून राहिली, आटपा!"

सासूनं पदरातून तोंड काढलं. "चाँदभाई, हितं काही सरत न्हाई," म्हणली अन् रडता रडता आटलेल्या विहिरीकडं वळली.

मावशीनं हळद लावली, लगीन झोकात झालं. जाताना चाँद पाशानं इचारलं, "मग? फोन परत घेऊ ना?"

सासूनं फोन माझ्या हातात कोंबला. "ऱ्हाऊ दे. हिला बसंल. ही थेट बोलती."

माझ्या भावानं तिकडं माहेरी, पुसदकडं, नुकताच फोन घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत ओट्यावर चढले. माझ्या याडीला एवढंच इचारायचं होतं, गुडघा कसा हाय. नंबर लावला. भावानं फोन तिला दिला. दिवाळीपासून न ऐकलेला आवाज आला, "सुनिता?"

अन् माझा हात आपोआप पदराकडं गेला. कुणी न शिकवलेला तो सूर माझ्या गळ्यातून असा निघाला, की धुरपताबाईनं तिकडं घागर खाली ठेवली.

बॅलन्स सरला, फोन बंद पडला, गुडघ्याचं राहूनच गेलं. सासू ओट्याखाली पोट धरून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती.

"जाय," ती प्रेमदासला म्हणली, "चाँदभाईकडून मोठं कार्ड आण. पोरीची याडी तिकडं अर्ध्यावर राहिली."