मागच्या दरवाजावरचे दोन पोपट

तमाम वाहनधारक, चालक, पालक आणि रिकामे बघे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जून महिन्यातल्या एका शुक्रवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, बुलढाण्यात पासिंगच्या रांगेत तिसऱ्या नंबरला उभ्या असलेल्या पिवळ्या स्कूल बसचा मागचा दरवाजा उघडला नाही. आतून ढकलला, उघडला नाही. बाहेरून ओढला, उघडला नाही. दरवाजावर दोन हिरवे पोपट रंगवलेले होते. ते एकमेकांकडे बघत निवांत बसले होते. त्यांचा यात काही दोष नव्हता. दोष माझा होता.

मी गेली बावीस वर्षं बुलढाण्यात गाड्यांची कागदपत्रं करून देतो. लोक एजंट म्हणतात. मी स्वतःला सल्लागार म्हणतो. बायको काहीच म्हणत नाही.

पासिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. तुमच्या घरच्या कारकडे एकदा नोंदणी झाली की पंधरा वर्षं कोणी ढुंकून बघत नाही. पण जी गाडी धंद्यावर चालते, म्हणजे ट्रक, टेम्पो, काळीपिवळी, स्कूल बस, तिला फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गाडी आठ वर्षांची झाली की ते दरवर्षी नवं करायचं. ऑनलाइन अर्ज भरायचा, तारीख घ्यायची, त्या दिवशी गाडी घेऊन हजर व्हायचं. इन्स्पेक्टर ब्रेक बघतात, स्टिअरिंग, लाईट, टायर, वायपर, हॉर्न बघतात. सगळं ठीक असेल तर गाडी वर्षभर रस्त्यावर. या सगळ्या प्रकाराला आमच्याकडे एकच शब्द, पासिंग. माणसांना हा नियम नाही हे बरं आहे. माझे दोन्ही गुडघे पहिल्याच फेरीत फेल झाले असते.

आणि पासिंगच्या आधी आमच्याकडे एक रीत आहे. गाडीला रंग मारतात. आतून काहीही असो, वरून गाडी चकचकीत पाहिजे. रंग मारला की नवे रेडियम, नव्या रिबिनी, बंपरवर नवी अक्षरं. ही रीत मी सुरू केली नाही, पण वाढवली मीच. फोनवर माझं वाक्य ठरलेलं असायचं, "पासिंगले गाडी नवरीसारखी आणा." बावीस वर्षांत मी इतक्या नवऱ्या पाहिल्या की एखादा वधूवर मेळावाही लाजेल.

हेच वाक्य मी प्रमिलाताई इंगळेंना ऐकवलं.

प्रमिलाताई सोनाळ्याच्या. वय चाळिशीच्या आसपास. स्कूल बस त्यांची स्वतःची आणि चालवतातही त्या स्वतःच. माहेरी भावाच्या ट्रॅक्टरवर हात बसला होता, पुढे रीतसर हेवी लायसन्स काढलं. नवरा ग्रामपंचायतीत नोकरीला. सज्जन माणूस, पण सायकलवरूनही दोनदा पडलेला, म्हणून घरातली सगळी चाकं ताईंकडे. बस बारा वर्षांची. सातपुड्याच्या पायथ्याच्या तीन वस्त्यांवरून एकतीस पोरं ती सकाळी शाळेत आणते आणि दुपारी परत सोडते. त्या वस्त्यांवर दुसरी गाडी जात नाही.

शाळा सोमवारी सुरू होणार होती. बसचं फिटनेस त्याच शुक्रवारी संपत होतं. तारीख आधीची मिळाली असती, पण ताईंनी मे महिन्यात ब्रेकचं पूर्ण काम काढलं होतं. ते झाल्याशिवाय गाडी दाखवायची नाही असा त्यांचा हट्ट. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी नवा कागद दिसला नाही तर ते दुसऱ्या माणसाची गाडी लावतील. तो दुसरा माणूस डांबरी रस्त्यावरची गावं घ्यायला तयार होता. वस्त्यांच्या कच्च्या रस्त्याला मात्र त्याने आधीच हात जोडले होते. म्हणजे ताईंची गाडी गेली की एकतीस पोरांची शाळाही गेली.

आणि पुढची तारीख मिळायला दहा-बारा दिवस लागणार होते.

त्या दिवशी ताई पहाटे सोनाळ्याहून निघाल्या आणि राजूर घाट चढून साडेनऊला माझ्या टेबलासमोर हजर झाल्या. मी गाडीभोवती एक फेरी मारली आणि गहिवरलो. काय रंग होता! हळदीसारखा. तपकिरी पट्टा फूटपट्टीने मारल्यासारखा सरळ. गावातला भास्कर पेंटर ट्रॉल्या आणि लग्नाचे बोर्ड रंगवतो. त्याने मागच्या दरवाजावर 'संकटकालीन मार्ग' अशी वळणदार अक्षरं काढली होती, आणि तेवढ्याने हात थांबेना म्हणून खाली दोन पोपट.

"पोपट कायले?" मी विचारलं.

"भास्करभाऊ म्हणे, पोट्ट्याईले आवडतीन. फुकट काढून देले."

"रंग कधी मारला?"

"परवा एक हात, काल एक हात. तुमीच तं म्हणे ना, वल्या रंगाले बोट लावू नका. मी लावलंच नाई."

मी मान डोलावली. माझा सल्ला इतक्या तंतोतंत पाळणारी बाई बघून मला भरून आलं होतं. दोन तासांनी तेच अंगाशी आलं.

इन्स्पेक्टर साहेब कोल्हापूरकडचे. शिडशिडीत, चष्मा, आवाज हळू. कागद नंतर बघतात, आधी टायरला हात लावतात. त्यांनी ब्रेकची टेस्ट घेतली. गाडी जागेवर थांबली, एकीकडे ओढलीसुद्धा नाही. त्यांनी ताईंकडे बघितलं.

"ब्रेक कोणी केले?"

"मिस्त्रीनं केले. मी समोर बसून करून घेतले."

लाईट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, वेगाला लगाम घालणाऱ्या स्पीड गव्हर्नरचं सील, सगळं बरोबर. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात. प्रथमोपचार पेटीत बँडेज, कापूस, मलम आणि एका चिठ्ठीवर कोणत्या पोराला कशाची अॅलर्जी आहे ते लिहिलेलं. साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मी मनातल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली.

"आता मागचा दरवाजा उघडा," साहेब म्हणाले.

स्कूल बसला नेहमीच्या दाराशिवाय आणखी एक दार असतं. गाडी उलटली, पुढचं दार अडकलं, आग लागली, तर पोरांनी तिथून बाहेर पडायचं. आतून खटका वर केला की दार उघडलं पाहिजे.

ताईंनी खटका वर केला. खटका आला. दार आलं नाही. भास्कर पेंटरने दार बंद ठेवून, फटीसकट, कडेच्या रबरासकट, दोन हात रंग चढवला होता. बस मागून सलग पिवळी भिंत झाली होती.

मग जे झालं ते वर जाहीर केलंच आहे. ताईंनी ढकललं. मी बाहेरून ओढलं. साहेबांनीही एकदा हात लावून बघितला. मी तोंड चालवायला लागलो. "साहेब, रंग ताजा आहे, हवा दमट आहे, लोखंड फुगतं," असं काहीबाही. मागच्या टेम्पोतून सुदाम उतरला. सुदाम बीबी गावचा, भाजीचा टेम्पो चालवतो, अंगाने गोदाम. स्वभावाने नटवा. केसाला तेल, गळ्यात रुमाल, डॅशबोर्डवर पावडरचा डबा.

"काय बे मधुभाऊ, पासिंग हाय का बारसं? माहा नंबर संध्याकाळी लावता काय?"

"दार बसलं आहे रे."

"बसलं तं उठवू ना."

तो आत गेला, दोन पावलं मागे सरला आणि खांदा घातला. फाटकन आवाज झाला. दार उघडलं. एका पोपटाची शेपटी गाडीला राहिली आणि पोपट दाराबरोबर गेला.

"उघडला साहेब," मी लगेच म्हणालो. "लिहून घ्या."

साहेबांचं पेन कागदाकडे निघालंसुद्धा होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात ताईंनी हात पुढे करून दार परत लावलं. दाबून लावलं. रंग आतून अजून चिकट होता. त्यांनी खटका उचलला. दार हललं नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हे खोटं हाय. फेल लिहा."

मला वाटलं उन्हाने मला काहीतरी ऐकू आलं.

"ताई, काय करून राह्यल्या तुम्ही? उघडला ना आत्ता."

"सुदामभाऊच्या खांद्यानं उघडला. माह्या गाडीत सुदामभाऊ नाई बसत, मधुभाऊ. दुसरीतले पोट्टे बसते."

बावीस वर्षांत मी लोकांना 'पास करा' म्हणून हातापाया पडताना पाहिलंय, रडताना पाहिलंय, एकाला तर गाणं म्हणताना पाहिलंय. 'फेल लिहा' म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो. आणि फेलचा अर्थ त्यांना माहीत नव्हता असं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "फेल लिहिलं तर सोमवारी काय कराल?"

"सोमवारी दुसरी गाडी लागीन."

"आणि वस्तीवरची मुलं?"

ताई दाराच्या फटीतून नख फिरवत उभ्या राहिल्या. नखात पिवळा रंग आला.

साहेबांनी चष्मा परत चढवला. "मी अजून काहीच लिहिलेलं नाही. माझ्याकडे आज आठ गाड्या बाकी आहेत. गाडी रांगेतून बाजूला घ्या. शेवटच्या गाडीनंतर हा दरवाजा मी पुन्हा बघेन. तेव्हा नाही उघडला तर फेल. आणि मी स्वतः आतून उघडणार."

पुढचे दोन-अडीच तास मी माझ्या धंद्यातले सगळ्यात चांगले तास समजतो. मी रंग काढायचं थिनर आणायला पळालो. पळालो म्हणजे माझ्या गुडघ्यांना जेवढं जमतं तेवढं. ताईंनी ओढणी कमरेला बांधली आणि ब्लेडने फटीतला रंग कापायला बसल्या. रांगेतले ड्रायव्हर आधी लांबून बघत होते. आपल्या गाडीची तपासणी झाली की घरी जावं, तर एकेक जण इकडे यायला लागला. एका ट्रकवाल्याने बिजागऱ्यांत ऑइल सोडलं. एका काळीपिवळीवाल्याने रबर पूर्ण उपसून काढलं, थिनरच्या फडक्याने पुसलं आणि परत बसवलं. कोणी कोणाला सांगत नव्हतं. ताई मात्र प्रत्येकाचं काम मागून तपासत होत्या.

"भाऊ, इथं राह्यला."

"ताई, तो ठिपका हाय नुसता."

"ठिपकाच चिकटते."

तो बिचारा परत घासायला बसला. सुदामचा टेम्पो मधेच पास झाला, तरी तो गेला नाही. भाजी नसली तरी माणूस मोकळा नसतो, त्याच्या दोन खेपा बुडाल्या असणार. त्याने रबराला बोट लावून बघितलं.

"रबर रबराले धरून राह्यलं अजून," तो म्हणाला आणि टेम्पोतून आपला पावडरचा डबा घेऊन आला. रबराला पावडर लावली की ते चिकटत नाही, ही गोष्ट कोणताही पंक्चरवाला सांगेल. पण पंक्चरवाले गुलाबाच्या वासाची वापरत नाहीत. सुदामने अख्खा डबा रिकामा केला. बस पंगतीला निघालेल्या पाहुण्यासारखी घमघमायला लागली.

शेवटची गाडी गेली. साहेब आले. गाडी पास झाली.

सोमवारी बस वस्त्यांवर गेली. ताईंनी मला फोटो पाठवला, मागच्या दाराचा, आणि खाली लिहिलं की रोज सकाळी एक पोरगं पाळीपाळीने ते दार उघडून दाखवतं, मगच गाडी निघते. भास्करने पोपटाला नवी शेपटी काढायची तयारी दाखवली होती. ताईंनी ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला.

मीही धंद्यात एक बदल केला. 'नवरीसारखी आणा' हे वाक्य बंद केलं. आता कोणी फोन केला की मी म्हणतो, गाडीचं जे जे उघडतं ते उघडा, जे जे बंद होतं ते बंद करा, आणि मग उरलाच वेळ तर रंग मारा. गिऱ्हाइकांना हे वाक्य आवडत नाही. त्यात गंमत नाही. पण त्यातून गाडी फेल होत नाही.

आता दार नेमकं कसं उघडलं ते सांगायचं राहिलं. मुद्दाम ठेवलं होतं.

साहेब फाईल घेऊन आत चढले. पोरं बसतात त्या शेवटच्या बाकावर गुडघे छातीला लावून बसले. आम्ही आठ-दहा जण बाहेर अर्धगोल करून उभे. ताई सगळ्यात पुढे, दोन्ही हात थिनरने पांढरे पडलेले, ओठ घट्ट मिटलेले. आतून साहेबांचा आवाज आला, "मी फक्त करंगळी लावतोय." आणि करंगळीने खटका उचलता उचलता, लहान मूल टेकेल तसे ते दाराला जरासे टेकले.

बिजागऱ्यांत ट्रकवाल्याचं ऑइल होतं. रबरावर सुदामची अख्खी पावडर होती. दार असं उघडलं की जणू कधी बंदच नव्हतं. गुलाबी वासाचा एक पांढरा ढग बाहेर आला आणि ढगाच्या पाठोपाठ फाईलसकट साहेब बाहेर आले. पडले असं मी म्हणणार नाही. दोन्ही पायांवर आले, दोन पावलं जास्तीची धावले आणि माझ्या अंगावर येऊन थांबले. चष्मा एका कानावर. भुवया पांढऱ्या.

सरकारी माणूस, हातात पेन, आणि निकाल अजून लिहायचा होता. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. साहेबांनी चष्मा सरळ केला, मागे वळून सताड उघड्या दाराकडे बघितलं. तेवढ्यात सुदामच्या तोंडून निघून गेलं,

"साहेब निंघाले म्हणजे पोट्टे तं निंघतीनच."