नवा राउटर आणि मागची खोली

हे गेल्यानंतर मागच्या खोलीत मी केर काढण्यापुरतीच जात असे. तिथं यांचा जुना कॉम्प्युटर होता, आणि त्यात यांनी उजनी धरणावर काढलेले पक्ष्यांचे व्हिडिओ. सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून हे एकटेच तिकडं जायचे.

कॉम्प्युटर सुरू होताना फार घरघरायला लागला, तेव्हा सगळे व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर घेऊन ठेवायचं ठरवलं. पेनड्राइव्हनं थोडे थोडे आणता आले असते, पण मग यांच्या खुर्चीत बसून राहावं लागलं असतं. त्यापेक्षा कॉम्प्युटर सुरू करायचा, दार लोटून घ्यायचं आणि हॉलमध्ये बसून वाय-फायवरून फायली ओढायच्या, हे मला बरं वाटलं. फायली मात्र हलायलाच तयार नव्हत्या. एकेका व्हिडिओला अख्खी दुपार जायची. राउटर जुना झालाय असं मीच ठरवलं आणि सात रस्ता चौकातल्या दुकानातून नवा आणून बसवला.

लेकीशी व्हिडिओ कॉल आता अडकत नव्हता, फायलींची गती मात्र तीच. लेक बंगळूरला असते. तिला विचारलं.

"आई, बाबांच्या कॉम्प्युटरला मागे वाय-फायचं बोटभर यंत्र खोचलंय ना? ते फार जुनं आहे. राउटर कितीही भारी आण, ते त्याच्याच चालीनं चालणार. तू सरळ वायर लाव. राउटरच्या खोक्यात असेल बघ."

"ती आखूड आहे गं. हॉलपासून पोचत नाही."

"मग राउटरच तिकडं उचलून ने. घरातल्या घरात कॉपी करायला इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप घे आणि शेजारी बस की."

"बसायलाच पाहिजे का?"

"बसवत नाही का तुला तिथं?"

"धूळ फार आहे," मी म्हटलं.

शेवटी राउटर नेला, वायर जोडली आणि यांच्या खुर्चीत बसले. फायली भराभर येऊ लागल्या. नीट आल्यात का बघावं म्हणून एक उघडली. पाणी, लांबवर रोहित पक्षी, कुठल्यातरी मोटरपंपाची धडधड. मग नावाड्याचा आवाज आला.

"सर, आज बी एकटंच? वैनी न्हाय आल्या?"

"तिला ऊन सोसत नाही," हे म्हणाले.

"मग हे समदं कुणाला दावता?"

"तिलाच."

नंतर बराच वेळ नुसता वल्ह्याचा आवाज.

हे मला दाखवण्याआधी असलं बोलणं कापून टाकत; माझ्यापर्यंत यायचे ते फक्त पक्षी. यांचा आवाज ऐकून किती दिवस झाले होते ते मला त्या खुर्चीत कळलं. तेवढाच तुकडा मी पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

राउटर परत हॉलमध्ये आणून तो तुकडा लेकीला पाठवला. इंटरनेटची बाहेरची लाइन तीच जुनी आणि व्हिडिओ जड, त्यामुळे तो रडतखडत पोचला. तिचा फोन आला तेव्हा मागे ऑफिसातला गलबला होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मीटिंग आहे आई, संध्याकाळी बोलते."

संध्याकाळी मेसेज आला, उशीर होतोय, उद्या बोलू. मी पुढचा व्हिडिओ उघडला.