दोनशे मीटरवरचे ठिपके

रत्नाकर अण्णा बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात नव्या कार्बाइन गोळ्या झाडून तपासायचे. आखूड नळीची ती बंदूक पन्नास मीटरवर गुणी. दोनशेवर मात्र गोळ्या वाट्टेल तिकडे! घरी येऊन ते बंदुकीलाच शिव्या घालायचे.

एका सकाळी जे. पी. नगरच्या घरासमोर त्यांची बायको हेमलता ठिपक्यांची रांगोळी काढत होती. प्रत्येक रेघेआधी ती अर्धा श्वास सोडून थांबायची, मगच हात हलवायची. अण्णा बघतच राहिले. त्या दिवशी त्यांनी तसाच श्वास धरून हलकेच घोडा ओढला. दोनशेवरही गोळ्या मधोमध बसल्या.

निवृत्त झाले तेव्हा शेवटच्या निशाण्याचा भोकं पडलेला कागद त्यांनी तिच्या हाती ठेवला. "हे तुझ्यामुळे."

हेमलतानं तो उजेडात धरला.

"ठिपके स्वल्प वाकडे आलेत की हो!"