बोगद्यानंच या

मानसिंगला आमच्या आळीत सगळे 'गाईड' म्हणत. मूळचा करकंबचा. सोलापुरात रावजीशेठच्या सुताच्या पेढीवर पत्रव्यवहार बघायचा, पण जीव सगळा रेल्वेच्या वेळापत्रकात. कुणाला कुर्डुवाडीला बार्शी लाइन गाठायची असो की होटगीवरून विजापूरला जायचं असो, माणूस सकाळी त्याच्या दारात उभा. तोंडात राखुंडी असतानाच तो गाडीची वेळ सांगायचा, आणि ती चुकायची नाही. स्वतः मात्र गावी जायला मोडनिंबपर्यंत आणि एकदा शेठच्या बिऱ्हाडाबरोबर मुंबईला, एवढाच त्याचा प्रवास. मी त्याला म्हणायचो, "तू पंक्तीतला वाढपी आहेस लेका. सगळ्यांना वाढतोस आणि स्वतः उपाशी."

मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. आमच्या घरांची भिंत एकच होती. मी तापट, तो भित्रा, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. पुढं जे झालं त्यात अर्धी चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर लपवल्यासारखं होईल.

सन बत्तीसचा उन्हाळा. रावजीशेठचा थोरला मुलगा झुरिचला सूत रंगवायचं काम शिकत होता. त्याला भेटायला शेठ, त्यांच्या पत्नी मथुराबाई आणि मुलगी विजयमाला, घरातली माळा, असे तिघं निघाले. बोटीनं व्हेनिसला उतरायचं आणि तिथून आल्प्स पर्वत ओलांडून झुरिच. शेठनी मुंबईहून युरोपच्या गाड्यांचं जाडजूड वेळापत्रक मागवलं आणि मानसिंगपुढं टाकलं.

"मधी डोंगर हाय म्हनं. कुटनं जायाचं त्ये तू ठरीव."

मथुराबाई आतून म्हणाल्या, "मानसिंग, मला बर्फ बघायचाय बाबा. डोंगरावरचा, खराखुरा. आन बोगदा नगं."

बोगदा का नको, ते मानसिंगला पक्कं ठाऊक होतं. मथुराबाईंचं माहेर करकंबच. त्या सात-आठ वर्षांच्या असताना घरच्यांनी त्यांना ज्वारी काढायला पेवात सोडलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, आत अंधार आणि कोंडलेली वाफ. पोर आत गेली ती ओ देईना. मानसिंगच्या बापानं कमरेला दोर बांधून खाली उडी घेतली आणि तिला वर काढलं. तेव्हापासून मथुराबाई मानसिंगच्या घराला माहेर मानायच्या, तो त्यांना आक्का म्हणायचा, आणि अंधाऱ्या बंद जागेत शिरलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात त्यांनी प्रत्येक बोगद्याला मानसिंगचं मनगट असं धरलं होतं की आठ दिवस वळ गेले नव्हते.

त्यात आता हृदयाचं दुखणं जडलेलं. डॉक्टरांनी परदेशी जायला होकार दिला, पण एका अटीवर. "खंडाळ्याला यांना मानवतं ना? मग तेवढी उंची चालेल, थोडी इकडेतिकडे. फार वर नेलंत तर श्वास कोंडेल आणि तिथं काही करता येणार नाही."

झालं. मानसिंगची झोप उडाली. रस्ते दोन निघाले. एक सरळ, पण पर्वताच्या पोटातून नऊ मैलांचा बोगदा. दुसरा डोंगराच्या माथ्यावरून. हळू, वळणावळणाचा, उघडा, शेजारी गोठलेलं तळं आणि चहूकडं बर्फ. त्यावरही पुढं एक बोगदा होता, पण निम्म्याहून लहान. वेळापत्रकात प्रत्येक ठेसनाच्या नावापुढं बारीक आकड्यात उंची छापलेली होती. माथ्यावरच्या ठेसनाची होती दोन हजार दोनशे सत्तावन्न.

तीन आठवडे हा माणूस त्या आकड्यांवर बसून होता. जेवताना रंभाबाई, म्हणजे त्याची बायको, भाकरी वाढायची आणि हा वरणात बोट बुडवून ताटाच्या कडेला गाड्यांचे फाटे काढायचा. शेवटी एका रविवारी तो वही घेऊन माझ्याकडं आला. मी दाढी करत होतो.

"मास्तर, बघा की जरा. खंडाळा अठराशे. लोनावळा दोन हजार. ह्ये बावीसशे सत्तावन्न. म्हंजी लोनावळ्याच्या वर जरासंच. डॉक्टरबी म्हनले, एवढं चालंल. न्हवं?"

मी आरशातूनच वहीकडं पाहिलं. गालावर वस्तरा होता. म्हणालो, "वा! छान काढलास रस्ता." भूगोलाचा शिक्षक मी, पगार त्याचाच घेत होतो.

माथ्यावरचा रस्ता ठरला. तिकिटं आली. मथुराबाईंनी पाहुण्यारावळ्यांना सांगून टाकलं की मी बर्फ बघणार, माझ्या माहेरच्या माणसानं रस्ता काढलाय. जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळी मुंबईहून बोटीत बसली.

शाळा सुरू झाली. एका मंगळवारी संध्याकाळी मी पुढच्या तासासाठी युरोपचा नकाशा काढत होतो. समोर आमचा शाळेचा इंग्रजी अॅटलास. आल्प्सच्या त्या खिंडीवर बोट आलं आणि शेजारचा आकडा वाचला, सात हजार चारशे फूट. मी मनात म्हणालो, छपाईची चूक. शेजारची खिंड पाहिली, सहा हजार नऊशे. तिच्या पलीकडची सात हजार सहाशे. आणि मग ध्यानात आलं. युरोपातले लोक फुटात मोजतच नाहीत. ते मीटरमध्ये मोजतात.

मी अॅटलास तसाच उचलून भिंतीपलीकडं गेलो. मानसिंग ओसरीवर बसून सुपारी कातरत होता.

"मानसिंग, तो बावीसशेचा आकडा फुटांचा नाही. मीटरचा आहे."

"म्हंजी?"

"एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट. तुझं ठेसन सात हजार चारशे फुटांवर आहे. खंडाळ्याच्या चौपट."

त्याच्या हातातला अडकित्ता खाली पडला. तो अगदी हळू म्हणाला, "मास्तर, मी आक्काला मारायला निगालोय."

बोट गुरुवारी व्हेनिसला लागणार, मंडळी शुक्रवारी सकाळी गाडीत बसणार. मधे फक्त बुधवार. आम्ही दोघं तसेच तारऑफिसकडं निघालो. वाटेत तो एकदा चपलेत अडखळून पडला, उठला आणि धोतर न झटकताच पुढं चालू लागला.

तार काय करायची, यावरून टेबलापाशी आमचं भांडण झालं. मी इंग्रजीत लिहिलं, रावजीशेठ यांस, वरचा मार्ग सोडा, बोगद्याच्या मार्गानं जा. मानसिंगनं कागद बाजूला सारला.

"शेट न्हाय ऐकायचं. ठरलं म्हंजी ठरलं, आसला मानूस. म्हनंल, ह्ये कारकुंडं हितं बसून मला काय शिकिवतंय?"

"मग कारण लिहू. उंची फार आहे, हृदयाला धोका आहे."

"नगं! आक्काच्या कानावर पडलं की ती बोटीवरच हबकायची."

"अरे मग करू काय?" मी ओरडलोच. "कारण सांगायचं नाही, शेठला सांगायचं नाही, मग काय हवेत बाण मारू?"

तारबाबू आमच्याकडं चष्म्यावरून बघत होता. ऑफिस बंद व्हायला थोडाच वेळ होता. मानसिंग कपाळाला हात लावून उभा राहिला. त्याच्यापुढं खरा पेच वेगळाच होता, तो मला तेव्हा उमगला. ऐकलंच तर आक्काच ऐकणार. पण तिला सांगायचं काय, तर आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली त्याच पेवात आता आपल्या पायांनी उतर. नऊ मैल. ती का ऐकेल? आणि ऐकलं आणि त्या धास्तीनंच काही झालं तर?

मग त्यानं लेखणी घेतली. इंग्रजी अक्षरं, पण मराठी शब्द. पत्ता मथुराबाईंच्या नावानं, बोटीवर, व्हेनिस. 'आक्का, बोगद्यानंच या. माझ्या गळ्याची आण. मानसिंग.'

तारबाबूनं एकेक अक्षर वाचलं. "ही कुठली भाषा म्हणायची?"

"आमच्या घरातली," मी म्हणालो. "तुम्ही पाठवा."

बाहेर आल्यावर मी मानसिंगवर उखडलो. मी शिकलेला माणूस, आणाभाकांवर माझा विश्वास नाही. म्हणालो, "हे असलं लिहितात का कुणी? गळ्याची आण म्हणजे काय पोरखेळ आहे?" आमच्याकडं आण मोडली तर ज्याच्या गळ्याची घातली त्याच्यावर बेततं, असं समजतात. दुसऱ्याच्या नावानं खोटी आण घेणारे पुष्कळ बघितले होते मी. स्वतःचा गळा पुढं करणारा हा पहिलाच.

बुधवारी तो पेढीवर गेला आणि दुपारीच परत आला. म्हणाला, अक्षरं दिसत नाहीत. गुरुवारी जेवला नाही. बोट लागली असेल, तार पोचली असेल, नसेल, पोचून कुठल्या इटालियन शिपायाच्या खिशात पडली असेल. शुक्रवारी माझी शाळा होती, पण मी मधल्या सुट्टीत घरी आलो. तो ओसरीवर घड्याळ आणि ते जाडजूड वेळापत्रक घेऊन बसला होता. तिथली वेळ आपल्या साडेचार तास मागं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

"आता गाडी सुटली," तो म्हणाला. "कंची ते कळंना. हिकडची म्हनलं तर आक्का पेवात. तिकडची म्हनलं तर..." मी शेजारी बसलो. त्या दिवशी मुलांना युरोप शिकवायला मी परत गेलोच नाही. शनिवारी त्यानं शेठना पत्र लिहिलं, काही न लपवता. फुटांचं, मीटरचं, आपल्या मूर्खपणाचं सगळं लिहिलं आणि शेवटी, काढून टाकलंत तरी माझी तक्रार नाही. माझं नाव त्यात घालू देईना. ते मीच खाली माझ्या हातानं लिहिलं.

रविवारी सकाळी तारवाला आमच्या आळीत शिरला. त्या काळी तार म्हणजे मर्तिक, दुसरं काही नाही. तो मानसिंगच्या दारात थांबला मात्र, रंभाबाईनं हंबरडा फोडला. शेजारच्या बायका धावल्या. त्यांतल्या दगडाबाईनं कुणाचं काय झालं हे न विचारताच गळा काढला. मानसिंग खांबाला धरून उभा. त्यानं तार घेतलीच नाही. मी पुढं होऊन फोडली. बायकांच्या आक्रोशात मला माझाच आवाज ऐकू येईना, म्हणून मी खेकसलो, "अहो गप्प बसा! सगळे खुशाल आहेत!"

झुरिचहून विजयमालेनं पाठवली होती, आमच्यासारखीच इंग्रजी अक्षरांत मराठी. 'बोगद्यानं आलो. आई खुशाल. मानसिंगमामा बरे आहेत ना, कळवा.'

मानसिंग तिथंच उकिडवा बसला आणि तोंडावर उपरणं घेतलं.

सप्टेंबरात मंडळी परत आली. सोलापूर ठेसनावर पेढीची माणसं हार घेऊन उभी होती. मानसिंग सगळ्यांच्या मागं, आणि मी त्याच्या मागं. शेठ आधी उतरले. त्यांनी गळ्यातल्या हारानिशीच गर्दी सारली, मानसिंगपाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तुजं पत्र पोचलं. फूट आन मीटर, व्हय रं? तिला म्या सांगितलं न्हाय. तिला कळलं की ती कुटं गाडीत पाऊल ठेवनार न्हाय पुन्यांदा. तूबी गप ऱ्हा. उद्या पेढीवर ये. त्या गाड्यांच्या येळापत्रकाला मातर हात लावू नगंस." मग माझ्याकडं एकदा पाहिलं. त्या पाहण्याला मी पात्रच होतो.

मथुराबाई मागून आल्या, विजयमालेच्या खांद्यावर हात ठेवून, हळूहळू. चेहरा उतरला होता, पण चालत होत्या. मानसिंगला बघताच त्यांनी लेकीचा खांदा सोडला. त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा. मग त्याला पायापासून वर न्याहाळलं, दुखणाईत पोराला बघावं तसं.

मानसिंगला काहीतरी बोलायलाच हवं होतं. खाली बघत म्हणाला, "आक्का, बर्फ ऱ्हायला की तुमचा. माज्यापायी."

"मालक तणतणलं, पर मी हटले न्हाय. बोगद्यात लई भ्याले बग," त्या म्हणाल्या. "डोळं मिटलं, माळेच्या हातात हात दिला, आन मनात म्हनलं, पेव तर पेव. मी वरनं गेले आन हितं ह्येच्या जिवाला काय झालं तर रंभाला कंचं तोंड दावू? नऊ मैल नुसतं तुजं नाव घेत बसले."

मानसिंगनं वर पाहिलं. त्याचे ओठ हलले. शेठ पलीकडून त्याच्याकडं रोखून बघत होते.

"आन तिकडं गेल्यावरबी जिवाला घोर. ह्ये आसली गळ्याची आन कशाला घालतंय, काय झालंय ह्येला? रोज माळेला इचारत हुते." त्यांनी पदराच्या टोकानं त्याचे डोळे पुसले. "बर्फाचं काय घिऊन बसलास? बर्फ ऱ्हायला तर ऱ्हाऊ दे रं. तू ऱ्हायलास न्हवं?"