शोभाताईंचा हाफ क्लच

मी निघोज्याच्या कंपनीत सकाळच्या शिफ्टला होते, तेव्हा भास्करकाकांचा फोन आला. "शोभा गेली गं…" एवढंच म्हणाले. फोन तसाच चालू राहिला. त्याला आता सव्वा महिना झाला.

शोभाताई काळेवाडीत ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. लग्न होऊन बीडकडून आल्या, नवऱ्याकडून, म्हणजे काकांकडून गाडी शिकल्या आणि मग गल्लीतल्या कितीतरी बायकांना शिकवली. मलाही त्यांनीच. पुढे मला ड्रॅग रेसिंगचं वेड लागलं. सरळ धावपट्टी, शेजारी-शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. माझी गाडी मात्र एकतर जागेवरच चाकं फिरवायची, नाहीतर बंद पडायची. लोक हसायचे. तिसऱ्यांदा हरले आणि गाडी विकायला काढली. शोभाताईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "विकायच्या आधी मला दाखव."

रविवारी सकाळी तळवड्यात, त्यांच्या ओळखीच्या एका बंद कारखान्याच्या आवारात, त्या माझ्या शेजारी बसल्या. "एवढी रेस कशाला करायलीस? इंजिनाचा काटा एका जागी धर. आता क्लच वर घे… गाडी थरथरली ना, हाच हाफ क्लच, तिथंच थांब. आता सुटताना पाय झटकन उचलू नको, सोडत जा. चाकांनी जमीन धरली की मग ॲक्सिलरेटर दाब." किती वेळा केलं, मोजदाद नाही. क्लच जळल्याचा वास सुटला, मी रडकुंडीला आले. त्यांनी माझ्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "भीती पायात उतरलीय तुझ्या. मी हाय हितं. सोड हळूहळू."

पुढच्या शर्यतीला त्या कुंपणापाशी डोक्यावर ओढणी घेऊन उभ्या होत्या. माझी गाडी अशी सुटली की शेजारची मला शेवटपर्यंत दिसलीच नाही. धावत त्यांच्याकडे गेले, तर विचारतात काय, "क्लच लई तापला नाही ना?" पण डोळे भरलेले होते. त्या दिवसांत त्यांचे उपचार सुरू झाले होते, हे मला फार नंतर कळलं.

परवा काकांना भेटून निघाले, तर ते स्कूलच्या गाडीतून सोडायला आले. मी त्यांच्या शेजारी, शोभाताईंच्या सीटवर बसले. पायाशी शिकवताना वापरायचे शोभाताईंचे वेगळे क्लच-ब्रेक, क्लचचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. सीट इतकी पुढे, की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मागे घ्यायला हात खाली नेला, तर काका समोर बघत म्हणाले, "राहू दे गं… तिचे पाय पुरत नाहीत."

मी हात काढून घेतला आणि घरापर्यंत तशीच बसले.