धारेची खात्री

नव्वदच्या दशकात आमच्या निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात एक धारवाले बसत. त्यांना सगळे तात्या म्हणत. लावलेली धार ते स्वतःच्या हातावरचे केस काढून तपासत. त्यामुळे दुपारपर्यंत त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत होत. मिशी मात्र भरघोस होती.

सुरी बोथट होऊन परत आली, की ते वैद्यासारखी चौकशी करत. "लिंबू कापून तशीच ठिवली व्हती का? पोलाद हाय त्ये, गंजणारच."

एका दुपारी मटणवाला तीच सुरी तिसऱ्यांदा घेऊन आला.

"तात्या, हिनं लोणीसुदिक कापत न्हाय. आता इंदापूरलाच जातो."

रांगेतल्या एका बाईने ते ऐकून आपला विळा पिशवीत परत ठेवला.

तात्यांनी पात्यावरून नख फिरवले. घासताना वळलेली बारीक कड एका बाजूला तशीच राहिली होती. लिंबाचा काही दोष नव्हता. त्यांनी सुरी चामड्याच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी ओढली आणि तपासण्यासाठी बाही सारली. हातावर एकही केस शिल्लक नव्हता.

मग मटणवाल्याकडे पाहत त्यांनी उजवीकडची अर्धी मिशी उतरवली. पाणी लावले नाही.

विळा पिशवीतून बाहेर आला.

पुढच्या बाजाराला तात्या डाव्या अर्ध्या मिशीनिशी हजर होते. "ती पण काढायची ना," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. आज सुतार पटाशी घिऊन यायचाय. त्यो लई शंकेखोर हाय."